दाढ, भूल आणि रक्त: तालुक्याच्या दंतवैद्यासाठी टप्प्याटप्प्याने

दाढ काढण्याआधी दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने रक्ताचा त्रास तीन तऱ्हांनी होतो. सुई रक्तवाहिनीला लागते आणि गालात रक्त साचतं, किंवा औषध थेट रक्तात जातं. दुसरी तऱ्हा म्हणजे रुग्णाचं रक्तच नीट गोठत नसतं आणि सुईची बारीक जखम आतल्या आत वाहत राहते. तिसऱ्या तऱ्हेत औषध रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच बदल घडवतं. पहिला प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, दुसरा ऐकलेला असतो आणि तिसरा बहुतेकांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो.

गेवराई, वसमत, उदगीर, कन्नड, भूम अशा ठिकाणी दवाखाना थाटलेल्या नव्या बीडीएस मुलामुलींसाठी हे लिहितोय. तिथे शेजारच्या खोलीत भूलतज्ज्ञ नसतो. अडचण आलीच तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं विष्णुपुरी अशी मोठी सरकारी रुग्णालयं गाठायला तास-दोन तास सहज जातात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: यातल्या बहुतेक गुंतागुंती सिरिंज भरण्याआधीच्या पाच-सात मिनिटांत ओळखता येतात, आणि ज्या तेव्हा ओळखता येत नाहीत त्या रुग्णाला लगेच घरी न सोडल्याने लक्षात येतात.

सुईच्या आधी: विचारपूस

“काही आजार आहे का?” या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: “काही नाही साहेब, दाढच दुखायली फक्त.” रुग्ण खोटं बोलत नाही. बीपीची गोळी चालू असताना बीपी ‘बरं’ आहे, म्हणजे आजार नाही, असा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे आजार विचारू नका, गोळ्या विचारा. “मावशी, घरातली औषधाची पिशवी आणली का? नसंल तर पोराला फोन लावा, पाकिटाचा फोटो मोबाइलवर पाठवायला सांगा.” फोटो येईपर्यंत दुसरा रुग्ण पाहून होतो. वेळ वाया जात नाही.

पिशवीत काय शोधायचं? इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, सगळ्यांना दिसते. पण कोलेस्टेरॉलची म्हणून दिलेली ‘गोल्ड’ नावाची कॅप्सूल नजरेतून सुटते, आणि तिच्यात बऱ्याचदा स्टॅटिनसोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी दोन्ही रक्त पातळ करणारी औषधं असतात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय हे कळत नाही. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम म्हणजे झडपेचं ऑपरेशन झालेला किंवा ठोके अनियमित असलेला रुग्ण. रिव्हॅरोक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही रक्त पातळ करणारी नवी औषधं आता लहान गावांतही दिसतात. शिवाय दाढ दुखते म्हणून मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या दोन-तीन दिवस चालू असतातच. त्यांनीही प्लेटलेटचं काम मंदावतं, आणि रुग्ण त्यांना औषधात धरत नाही.

मग रक्ताची विचारपूस. इथे पुस्तकी प्रश्न चालत नाहीत. शेतात काम करणाऱ्या माणसाला विचारा: इळा लागला, खुरपं लागलं, तर रक्त किती वेळ चालतं? मागे दाढ काढली होती का, आणि रात्री परत रक्त आलं होतं का? बाईला विचारा: पाळीत अंगावरून जास्त जातं का, बाळंतपणात जास्त गेलं होतं का, रक्ताची बाटली लावावी लागली होती का? हा प्रश्न शक्यतो तुमच्या मदतनीस ताईंनी, बाजूला घेऊन विचारावा. पुरुष डॉक्टरला नणंदेसमोर खरं उत्तर मिळत नाही. लहान मुलाच्या आईला विचारा: पडला-झडला की गुडघा सुजतो का, लस दिल्यावर मोठी गाठ आली होती का, मामाला असा त्रास आहे का? हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामाबद्दलचा प्रश्न नुसता गप्पांचा नसतो. मुस्लिम कुटुंबात सुंता झाल्यावर रक्त थांबायला किती वेळ लागला, याचं उत्तर घरातल्या आजीला हमखास आठवतं. एवढ्या वयात झालेली ती रक्त गोठण्याची परीक्षाच असते.

तिसरी चौकशी तिसऱ्या तऱ्हेच्या त्रासासाठी, म्हणजे मेथहिमोग्लोबिनसाठी (प्राणवायू न धरणारं, बदललेलं हिमोग्लोबिन). अंगावर चट्टा होता म्हणून सरकारी दवाखान्यातून पाकीट चालू आहे का? कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात डॅप्सोन असतं आणि ते हिमोग्लोबिनवर ताण आणतंच. लोक हे लपवतात, तेव्हा आवाज खाली ठेवून, एकट्याला विचारा. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, सल्फाच्या गोळ्या, मलेरियासाठी प्रायमाक्विन हेही त्याच यादीत येतं. किनवट-माहूर भागातून आलेल्या रुग्णाला सिकलसेलची तपासणी झाली आहे का, कार्ड आहे का, ते विचारा. नात्यात कुणाला ‘जी-सिक्स-पीडी’ या लाल पेशींतल्या विकराची कमतरता सांगितली असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. का, ते पुढे येईल.

डोळ्याची खालची पापणी ओढून पाहायला दोन सेकंद लागतात. महाराष्ट्रात बाळंतपणाच्या वयातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन ७-८ असलेल्या बाईला थोडं रक्त गेलं किंवा थोडं हिमोग्लोबिन निकामी झालं तरी त्रास लवकर होतो, आणि त्वचेवर निळेपणा मात्र उशिरा दिसतो. ही जोडी धोक्याची आहे.

पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ असते. गेल्या दहा-पंधरा दिवसांत ताप येऊन गेला असेल तर प्लेटलेट पाहिल्याशिवाय दाढ काढायची नाही. दाढ काढायला निदान ५० हजार प्लेटलेट हव्यात. ब्लॉकची, म्हणजे नसेजवळ औषध सोडून जबड्याचा भाग बधिर करणाऱ्या इंजेक्शनाची, गरज असेल तर मी त्याहून वरच थांबतो.

औषध भरताना

आपल्याकडे अजूनही बरेच दवाखाने ३० मिलीच्या बाटलीतून सिरिंज भरतात. त्यात एक अडचण आहे: भुलीच्या औषधाचं तयार काडतूस (कार्ट्रिज) मोजता येतं, पण बाटलीतून भरलेलं मोजलं जात नाही. दोन मिली, आणखी एक, दुखतंय म्हणून आणखी एक. म्हणून हिशेब आधी करा आणि केसपेपरवर लिहा.

भुलीचं नेहमीचं औषध, दोन टक्के लिग्नोकेन, म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम. ॲड्रेनलिनसह मोठ्या माणसाला किलोला ७ मिलिग्रॅम, एकूण ५०० च्या वर नाही. साध्या लिग्नोकेनला किलोला ४.४, एकूण ३०० च्या वर नाही. मुलांसाठी मी दोन्हीकडे ४.४ च धरतो. १५ किलोच्या पोराला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिली, एवढीच शेवटची मर्यादा. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच दिवशी काढायला गेलात की ती हातातून निसटते.

ॲड्रेनलिनचा हिशेबही वेगळा करावा लागतो. एकास ८० हजार म्हणजे मिलीत साडेबारा मायक्रोग्रॅम. हृदयरोग्याची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम धरली जाते, म्हणजे जेमतेम ३.२ मिली. एकास २ लाखाच्या बाटलीत हीच मर्यादा ८ मिलीला येते. हृदयाच्या रुग्णासाठी ती बाटली वेगळी ठेवलेली बरी. पण ॲड्रेनलिन पूर्ण काढून टाकणं हा उपाय नाही. भूल अर्धवट बसली की रुग्णाचं स्वतःचं ॲड्रेनलिन उसळतं, आणि जखमेतून रक्तही जास्त येतं.

सुई आत असताना

खालच्या दाढेचा ब्लॉक देताना मागे ओढल्यावर सिरिंजमध्ये रक्त येण्याचं प्रमाण १० ते १५ टक्के सांगितलं जातं. म्हणजे दर सात ते दहा ब्लॉकमागे एकदा सुईचं टोक वाहिनीत असतं. मागे न ओढता औषध सोडणाऱ्याला ते कळतच नाही.

ओढायची पद्धत अशी. सुई जागेवर पोचली की पिस्टन एक-दोन मिलिमीटरच मागे घ्यायचा, दोन सेकंद थांबायचं. साध्या डिस्पोजेबल सिरिंजने जोरात ओढलं तर शिरेची भिंत सुईच्या तोंडाला चिकटते आणि रक्त येत नाही. आपली समजूत होते की सगळं ठीक आहे. मग सुई थोडी फिरवून पुन्हा एकदा ओढायचं. रक्ताची बारीक रेघ आली तर सुई थोडी मागे घेऊन दिशा बदला आणि पुन्हा ओढून पाहा. सिरिंजच लाल झाली तर ती टाकून नवी भरा, कारण आता पुढच्या वेळी रक्त आलं की नाही ते ओळखता येणार नाही. यासाठी २५ किंवा २७ गेजची सुई चांगली. ३० गेजमधून रक्त मागे येण्याचा भरवसा कमी.

औषध सोडायचा वेग मिनिटाला एक मिली. घड्याळ लावून एकदा करून पाहा, मग कळेल आपण एरवी किती घाई करतो. औषध सोडताना रुग्णाशी बोलत राहा. ओठांभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात आवाज, अचानक बडबड किंवा गुंगी: यातलं काहीही दिसलं की सुई बाहेर. औषध रक्तात गेल्याची ही पहिली लक्षणं आहेत. पुढे झटके येऊ शकतात. प्राणवायू लावा, १०८ ला फोन करा, आणि मोठ्या रुग्णालयाला आधीच सांगा की २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन (भुलीच्या औषधाचा विषार उतरवायला शिरेतून देतात ते चरबीचं द्रावण) लागू शकेल.

गाल डोळ्यांसमोर फुगतो तेव्हा

वरच्या मागच्या दाढांसाठी दिलेला पीएसए (पोस्टिरियर सुपीरियर ॲल्व्हिओलर) ब्लॉक हा रक्त साचण्याचा सगळ्यात मोठा धनी. जबड्याच्या मागच्या बाजूला टेरिगॉइड शिरांचं जाळं आहे, शेजारी मॅक्झिलरी धमनीच्या फांद्या आहेत. सुई जास्त आत गेली की त्या फाटतात, आणि मागे ओढून रक्त आलं नाही तरी बाहेर पडताना वाहिनी फाटू शकते. सर्वसाधारण मोठ्या माणसात १६ मिलिमीटर खोली पुरते. आपण वापरतो ती दीड इंची सुई ३८ मिलिमीटरची असते. चणीने लहान असलेल्या बाईत ती अर्धी जरी आत गेली तरी जास्त झाली. रूट कॅनॉलच्या फाइलवरचा रबरी स्टॉपर निर्जंतुक करून सुईवर १६ मिलिमीटरला बसवा. मला यापेक्षा सोपा आणि स्वस्त उपाय माहीत नाही. त्याहून बरं म्हणजे लहान सुई. आणि ज्याच्या रक्ताबद्दल शंका आहे त्याला पीएसए देऊच नका. प्रत्येक दाढेशेजारी थोडं थोडं औषध दिलं तरी वरच्या जबड्यात भूल छान बसते.

तरी झालंच, तर चित्र असं असतं. सुई बाहेर काढून तुम्ही सिरिंज ट्रेमध्ये ठेवता, वळून पाहता तर गालाची रेघ बदललेली असते. कानापुढे फुगवटा, मग तो खाली जबड्याकडे सरकतो. दोन-चार मिनिटांत अर्धा चेहरा सुजल्यासारखा दिसतो. दुखत फारसं नाही, त्यामुळे रुग्ण शांत असतो. घाबरतो तो दारातला नातेवाईक.

दाढ काढायचं त्या दिवसापुरतं थांबवा. बोटाभोवती गॉज गुंडाळून गाल आणि हिरडीच्या खाचेत, जितकं मागे जाईल तितकं, आत-वर दाबून धरा. बाहेरून गालावर बर्फ. रुग्णाला उमासे येतील, तेवढं सांभाळून निदान दोन मिनिटं, आणि सूज वाढत असेल तर आणखी. खालच्या ब्लॉकने रक्त साचलं असेल तर जबड्याच्या आतल्या बाजूवर, जिथे सुई गेली तिथेच दाब द्या. हनुवटीच्या किंवा डोळ्याखालच्या ब्लॉकला त्वचेवरूनच दाब पुरतो. साचलेलं रक्त सुईने ओढून काढायचा मोह आवरा. त्याने जंतू आत जातात आणि रक्त पुन्हा येतं.

पहिल्या दिवशी फक्त बर्फ, शेक अजिबात नाही. हे तीन-तीनदा सांगा, कारण घरी गेल्यावर कुणीतरी गरम विटेचा नाहीतर तव्यावर तापवलेल्या कापडाचा शेक देणारच, आणि गरमीने वाहिन्या पसरून सूज वाढते. दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक चालतो. वेदनेला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक नको. तोंड उघडायला काही दिवस त्रास होईल. काळानिळा डाग हिरवा, मग पिवळा होत मानेकडे उतरेल. हे सगळं आधी सांगितलं तर एक ते दोन आठवड्यांत रुग्ण बरा होऊन तुमच्याकडेच दाढ काढायला येतो. सांगितलं नाही तर गावभर होतं की इंजेक्शनाने तोंड काळं पडलं.

ज्यांचं रक्त लवकर गोठत नाही

पहिली गोष्ट: इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करू नका आणि रुग्णाला करायला सांगू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाची गोळी दाढेसाठी थांबवली आणि स्टेंट बंद पडला, तर त्याचा जीव जाऊ शकतो. दाढेचं रक्त दाबून, टाका घालून थांबतं.

वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमवरच्या रुग्णाचा आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा तपासणीचा आकडा) शक्यतो आदल्या २४ तासांतला हवा. महिनोन्‌महिने स्थिर असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालतो. ४ च्या खाली असेल तर साधी दाढ गोळी न थांबवता काढता येते असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. मी तालुक्याच्या ठिकाणी ३ च्या वर गेलेला रुग्ण पुढे पाठवावा अशा मताचा आहे. कारण त्या सूचना रक्तपेढी जवळ असलेल्या शहरांतल्या आहेत आणि आपला रुग्ण रात्री वाडीवर असतो. रिव्हॅरोक्साबॅन वगैरे औषधांना आयएनआरचा उपयोग नाही. तिथे एक-दोन साध्या दाढांसाठी औषध सहसा थांबवावं लागत नाही. मोठं काम असेल तर सकाळचा डोस पुढे ढकलायचा की नाही ते फिजिशियनच्या लेखी सल्ल्याने ठरवा.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दाढ काढली की मेट्रोनिडाझोल लिहायची आपल्याला सवय आहे. वॉरफेरिनवरच्या रुग्णात ती गोळी आयएनआर वर नेते. काढलेल्या दिवशी सगळं ठीक असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त सुरू होतं. बुरशीसाठी दिलेल्या फ्लुकोनाझोल आणि मायकोनाझोल जेलनेही तेच होतं. हा त्रास आपल्या चिठ्ठीतून येतो, आणि लिहिताना दोन सेकंद थांबलं तर टळतो.

अशा रुग्णांत ब्लॉकऐवजी दाढेशेजारी किंवा दाढ आणि हाडाच्या फटीत औषध देणं सुरक्षित. खालच्या दाढांना आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध, चार टक्क्यांचं, गालाच्या बाजूने दिलं तर पुष्कळदा ब्लॉकची गरज पडत नाही. जिभेच्या बाजूला मात्र सुई टाळा.

हिमोफिलियात हे आणखी कडक. खालच्या दाढेचा ब्लॉक, पीएसए आणि जिभेच्या बाजूचं इंजेक्शन फॅक्टर (रक्त गोठायला लागणारं, रुग्णात कमी असलेलं प्रथिन) दिल्याशिवाय नाही म्हणजे नाही. पातळी निदान ३० ते ५० टक्क्यांवर नेऊन मगच ब्लॉक देतात, आणि डोस रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात. ही दाढ तालुक्याला काढायचीच नाही. दुखणं थांबवा, पॅरासिटामॉल द्या, आणि फॅक्टरची सोय असलेल्या शासकीय रुग्णालयाशी बोलून तारीख घेऊन द्या. नुसतं “मोठ्या दवाखान्यात जा” म्हटलं तर रुग्ण जात नाही. जातो तो दुसऱ्या, न विचारणाऱ्या दवाखान्यात.

ब्लॉकनंतर घशाच्या बाजूला रक्त साचलं तर ते बाहेरून दिसत नाही. आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, लाळ गळणं, जीभ वर उचलली जाणं, यातलं एकही दिसलं तर रुग्णाला बसता ठेवून, आडवा न करता, लगेच गाडीत घाला. हा श्वासमार्ग बंद व्हायचा धोका आहे, रात्रभर वाट पाहायची वेळ नाही.

रक्ताचा रंग बदलतो तेव्हा

हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस अवस्थेत असतं म्हणून ते प्राणवायू धरतं आणि सोडतं. काही औषधं त्याला फेरिक करतात. तयार होतं मेथहिमोग्लोबिन. ते प्राणवायू धरत नाही, आणि शेजारचं चांगलं हिमोग्लोबिन जे धरतं ते पेशींना सोडत नाही. एरवी शरीरात हे एक टक्क्याच्या आसपास असतं आणि लाल पेशींतली विकरं ते परत जागेवर आणत असतात.

दंतवैद्यकातल्या भुलीच्या औषधांत दोन गुन्हेगार. प्रिलोकेन: शरीरात त्याचं ऑर्थोटोल्युइडिन बनतं आणि डोस वाढेल तसा त्रास वाढतो. आपण ते इंजेक्शन म्हणून फारसं वापरत नसलो तरी लिग्नोकेन-प्रिलोकेनचं त्वचेसाठीचं क्रीम टाळूवर चोळणारे आहेत. दुसरं बेन्झोकेन, २० टक्क्यांचं जेल किंवा स्प्रे, सुई टोचण्याआधी लावतात ते. त्याचा डोस मोजला जात नाही, आणि कुणाकुणाला थोड्याशानेही त्रास होतो. आर्टिकेन आणि लिग्नोकेनने हे क्वचित.

तान्ह्या बाळांत विकरं अजून पुरती तयार झालेली नसतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतलं बाळ सगळ्यात नाजूक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना दात येताना बेन्झोकेनचं जेल लावू नये. मराठवाड्यात याला आणखी एक कडा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या देशातल्या जिल्ह्यांत बीड आणि नांदेडचं नाव आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या अशा पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं तर बाळाच्या रक्तात मेथहिमोग्लोबिन आधीच वाढलेलं असू शकतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने प्रमाण वाढतं. म्हणून माझ्या टेबलावर आई बाळाच्या हिरड्यांसाठी जेल मागायला आली की मी जेल देत नाही. थंड, स्वच्छ रिंग चावायला द्या म्हणतो आणि पाणी कुठलं वापरता ते विचारतो.

ओळखायचं कसं? वेळ लक्षात ठेवा. बेन्झोकेनने काही मिनिटांत ते दोन तासांत, प्रिलोकेनने काही तासांनी, म्हणजे रुग्ण रिक्षात किंवा एसटीत बसल्यावर. ओठ, नखं राखाडी-निळी पडतात. सावळ्या कातडीवर हे दिसत नाही, तेव्हा ओठ उलटवून आतली बाजू आणि जीभ उजेडात पाहा. १०-१५ टक्क्यांपर्यंत नुसता रंग बदलतो. २० च्या पुढे डोकं दुखतं, चक्कर, धाप, छातीत धडधड. ५० च्या पुढे झटके, बेशुद्धी. ७० च्या पुढे जीव वाचणं अवघड.

कोविडनंतर प्रत्येक दवाखान्यात पल्स ऑक्सिमीटर आहे. इथे तो अर्धवट साक्ष देतो: आकडा ८५ च्या आसपास येऊन अडकतो, आणि प्राणवायू लावला तरी हलत नाही. हीच खूण. छाती साफ आहे, श्वास चालू आहे, प्राणवायू चालू आहे, तरी आकडा जागचा हलत नाही, तर मेथहिमोग्लोबिन मनात आणा.

खात्रीसाठी खुर्चीशेजारी करता येईल अशी एक सोपी तपासणी. रुग्णाच्या बोटातून एक थेंब रक्त पांढऱ्या गॉजवर किंवा फिल्टर पेपरवर घ्या. शेजारी तुमच्या मदतनिसाच्या रक्ताचा एक थेंब. दोन्ही हवेत धरा, अर्धा-एक मिनिट. साधं शिरेतलं काळपट रक्त हवेतला प्राणवायू घेऊन लाल होतं. मेथहिमोग्लोबिनचं रक्त काकवीच्या रंगाचं राहतं, लाल होत नाही. हे एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

आता करायचं काय. औषध लावणं बंद, तोंडातलं उरलेलं जेल पुसून काढा, पूर्ण दाबाने प्राणवायू, रुग्ण आडवा, शीर उघडी ठेवा, १०८. लक्षणं असतील आणि प्रमाण २० टक्क्यांच्या वर असेल, किंवा लक्षणं नसूनही ३० च्या वर असेल, तर मेथिलीन ब्लू लागतं: किलोला १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून पाच मिनिटांत सावकाश. साठ किलोच्या माणसाला एक टक्क्याचं ६ ते १२ मिली. अर्ध्या-एक तासाने पुन्हा देता येतं, एकूण किलोला ७ मिलिग्रॅमच्या वर नाही. हे रुग्णालयातच, अतिदक्षता विभागात. दिल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा काही वेळ आणखी खाली दिसतो आणि लघवी निळी-हिरवी होते. नातेवाइकांना आधी सांगावं.

आणि जी-सिक्स-पीडीचं कारण इथे येतं. त्या विकराशिवाय मेथिलीन ब्लू काम करत नाही, उलट लाल पेशी फुटतात. अशा रुग्णाला व्हिटॅमिन सी किंवा रक्त बदलणं हे पर्याय राहतात. मानसिक आजाराची एसएसआरआय गटातली गोळी चालू असेल तर तेही कळवा, कारण मेथिलीन ब्लूबरोबर सेरोटोनिनचा गंभीर त्रास होतो.

आजच करायचं एक काम: आपल्या जिल्ह्यातल्या दोन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांना फोन करून विचारा, मेथिलीन ब्लूचं शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे का, आणि रक्तवायूच्या यंत्रात को-ऑक्सिमेट्री (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजायची सोय) आहे का. साधं यंत्र प्राणवायूची टक्केवारी हिशेबाने काढतं, त्यात हा आजार सुटतो. उत्तरं कागदावर लिहून ड्रॉवरला चिकटवा.

संध्याकाळचं रक्त

ॲड्रेनलिनने वाहिन्या आवळतात, म्हणून काढल्यावर जखम कोरडी दिसते. काही तासांनी त्याचा असर जातो, वाहिन्या उलट सैल होतात, आणि रक्त सुरू होतं. तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो. त्यामुळे शंका असलेल्या प्रत्येक रुग्णाची दाढ सकाळीच काढा, आठवडी बाजाराच्या दिवशी कितीही गर्दी असली तरी. काढल्यावर अर्धा-पाऊण तास बाकावर बसवून ठेवा. जेवढं जेल किंवा स्प्रे लावलं असेल तेवढा जास्त वेळ. टाका आणि जिलेटिन स्पंज हात आखडता न घेता वापरा.

घरी पाठवताना गॉजच्या चार घड्या देऊन ठेवा आणि ५०० मिलिग्रॅमच्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या (रक्ताची गाठ टिकवणाऱ्या औषधाच्या) एक-दोन गोळ्या. गोळी कुटून दोन चमचे, म्हणजे १० मिली पाण्यात कालवली की पाच टक्क्यांचं द्रावण होतं. त्यात गॉज भिजवून जखमेवर ठेवायचा आणि अर्धा तास दात घट्ट दाबून बसायचं, मध्ये उघडून पाहायचं नाही. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तंबाखू-चुना आणि गुटखा तर नाहीच. रक्ताची गाठ सुटण्यामागे आपल्याकडे थुंकणं हे फार मोठं कारण आहे. दोनदा अर्धा-अर्धा तास दाबूनही ताजं रक्त येत राहिलं तर फोन. तुमचा चालू नंबर, दवाखान्याच्या पाटीवरचा जुना नव्हे.

पुढे पाठवायची चिठ्ठी

रुग्णाच्या हातात दिलेली चिठ्ठी वाचणारा डॉक्टर रात्री एकटा असतो. तिच्यात नाव, वय, वजन लिहा. कोणतं औषध, किती टक्क्यांचं, किती मिली, ॲड्रेनलिन किती, जेल कुठलं, आणि घड्याळात किती वाजता दिलं. कोणता ब्लॉक, कोणती बाजू, मागे ओढल्यावर रक्त आलं होतं का. त्रास किती वाजता सुरू झाला, तेव्हा नाडी, रक्तदाब, ऑक्सिमीटरचा आकडा प्राणवायूआधी आणि प्राणवायूनंतर. रक्ताच्या थेंबाचा रंग. घरच्या गोळ्यांची पूर्ण नावं. शंका मेथहिमोग्लोबिनची असेल तर तो शब्द ठळक लिहा आणि खाली ‘को-ऑक्सिमेट्री करावी’ असं स्पष्ट लिहा. मग चिठ्ठीचा फोटो काढून स्वतःजवळ ठेवा आणि गाडी निघाल्याबरोबर त्या रुग्णालयाला फोन लावा.